एक्स्टेन्शन सर

विद्यापीठाच्या प्रकल्प-प्रदर्शनात शिरलं की प्रमुख पाहुणे कोण हे शालीवरून कळतं, कुलगुरू कोण हे मागून चालणाऱ्या माणसांच्या संख्येवरून कळतं आणि परीक्षक कोण हे छातीवरच्या गुलाबी रिबिनीच्या फुलावरून. हॉलमध्ये आणखी एक गृहस्थ असतात. ते चालत नाहीत, अर्धवट धावतात. खांद्यावर पिवळ्या वायरीचं भेंडोळं, शर्टाच्या खिशात पेनाला खेटून टेस्टर आणि मनगटात बांगडीसारखा चढवलेला सेलोटेपचा रोल. निमंत्रणपत्रिकेवर त्यांचं नाव असतं, पण ते वाचायला चष्मा लावावा लागतो. नावापुढे 'समन्वयक' असं लिहिलेलं असतं. मुलं मात्र त्यांना 'एक्स्टेन्शन सर' म्हणतात.

हे नाव सरांना ठाऊक आहे. एकदा नोंदणीच्या अर्जावर 'मार्गदर्शकाचे नाव' या रकान्यात एका टवाळ पोरानं तेच लिहून दिलं. सरांनी त्यातलं चुकलेलं जोडाक्षर लाल पेनानं सुधारलं आणि अर्ज पुढे पाठवला.

आमचे हे सर आमच्याच सोसायटीत, अगदी माझ्या डोक्यावर राहतात, म्हणून मला ते जवळून पाहायला मिळाले. पण असा एक माणूस प्रत्येक विद्यापीठात असतोच. कोल्हापूरला असतो, नांदेडला असतो, जळगावलाही असतो. कुठे तो फिजिक्सचा असतो, कुठे ग्रंथपाल असतो, कुठे लॅब असिस्टंट. पगार त्याला भलत्याच कामाचा मिळतो. आमचे सर वनस्पतिशास्त्राचे. त्यांची पीएच.डी. शेवाळावर आहे. वायर आणि त्यांचा संबंध आला तो एका सभेत. कित्येक वर्षांपूर्वी प्रदर्शनाच्या तयारीची बैठक चालू होती, बोलता बोलता माइक बंद पडला आणि सगळे प्राध्यापक एकमेकांकडे पाहू लागले. सर उठले, व्यासपीठाच्या मागे गेले, प्लग दाबला, माइक सुरू झाला. अध्यक्षांनी त्याच माइकवरून समन्वयक म्हणून त्यांचं नाव जाहीर केलं. "त्या दिवशी माइक चालू झाला आणि ह्यांचं संशोधन बंद पडलं," असं वहिनी अजून सांगतात.

तेव्हापासून सरांचं एकच ब्रीद आहे: "आधी प्लग बघा." मुलगा सांगत असतो, "सर, कोडमध्ये एरर आहे, लायब्ररी अपडेट झालीय, बोर्ड जळलाय बहुतेक." सर मान डोलावत ऐकतात आणि म्हणतात, "बरोबर आहे बाळा, पण आधी प्लग बघ." दहातल्या पाच वेळा प्लगच असतो. उरलेल्या पाच वेळांना सर "कन्सेप्ट क्लिअर आहे ना? मग झालं!" म्हणतात. हे त्यांचं दुसरं ब्रीद.

प्रदर्शन जानेवारी-फेब्रुवारीत असलं तरी सरांच्या अंगात ते दिवाळीच्या सुट्टीतच शिरतं. नोंदणीचे अर्ज यायला लागतात. स्मार्ट डस्टबिन, स्मार्ट काठी, स्मार्ट सिंचन, स्मार्ट हेल्मेट, स्मार्ट गोठा. "का रे, गेल्या वर्षीचा डस्टबिन काय नापास झाला होता?" असं सर विचारतात खरे, पण अर्ज परत करत नाहीत. स्मार्ट डस्टबिनवर त्यांचा विशेष जीव आहे. त्याच्या पुढ्यात दोन डोळे लावलेले असतात. एक डोळा आवाज सोडतो, दुसरा त्याचा प्रतिध्वनी ऐकतो आणि मधल्या वेळावरून समोरचा माणूस किती लांब आहे ते कळतं. आवाज ४० किलोहर्ट्झचा, आपला कान २० च्या पुढे बहिरा, म्हणून आपल्याला काही ऐकू येत नाही. "वटवाघळाची विद्या आहे ही," सर दरवर्षी सांगतात, आणि दरवर्षी नव्यानं आश्चर्य करतात. तो सेन्सर दोन सेंटिमीटरपासून चार मीटरपर्यंतचं ओळखतो. प्रदर्शनाच्या गर्दीत चार मीटरमध्ये कोणी ना कोणी असतंच. पोरानं अंतराची मर्यादा कोडमध्ये घालायचं विसरलेलं असतं. त्यामुळे डबा सकाळपासून आ करतो, मिटतो, आ करतो, मिटतो, आणि पाहुणे येण्याच्या बरोब्बर आधी त्याची बॅटरी उतरते.

आपल्याकडे विद्यार्थ्यांच्या संशोधनाची मोठी जत्रा म्हणजे 'आविष्कार'. २००६ साली, राज्यपालांच्या म्हणजे कुलपतींच्या पुढाकारानं सुरू झालेली. कॉलेजात निवड, मग जिल्हा, मग विद्यापीठ आणि शेवटी सगळ्या विद्यापीठांची राज्यपातळीवर गाठ. तिच्यात सहा गट असतात, आणि त्यातला पहिला मानव्यविद्या, भाषा आणि ललित कलांचा. यादीत पहिला, हॉलमध्ये शेवटचा. इंजिनिअरिंगचे रोबो दारापाशी मांडले जातात, औषधनिर्माणवाले पंख्याखाली, वाणिज्यवाले खिडकीशी, आणि बोलीभाषांवर काम करणारी पोरं स्वच्छतागृहाच्या दाराला टेकून उभी असतात. ह्यावर सर दरवर्षी भांडतात. "अहो, त्यांना प्लग लागत नाही, मग कुठंही चालतील की ते," असं एका विभागप्रमुखांनी म्हटलं, तेव्हा सरांनी भाषेच्या टेबलापर्यंत मुद्दाम एक एक्स्टेन्शन ओढून नेलं. त्या टेबलावर विजेवर चालणारं काहीही नव्हतं. शेवटी पोरींनी तिथे मोबाइल चार्जिंगला लावले आणि दिवसभर त्या टेबलाला सगळ्यांत जास्त गर्दी राहिली.

आदल्या दिवशी मांडणी असते. पूर्वी हे काम म्हणजे थर्माकोलच थर्माकोल. धरण थर्माकोलचं, किडनी थर्माकोलची, आदर्श गाव तर नखशिखांत थर्माकोलचं. २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिक-थर्माकोलवर बंदी आली आणि सगळ्यांनी सनबोर्ड धरला. सर म्हणतात, थर्माकोल कापताना जो आवाज यायचा त्याशिवाय प्रदर्शन आहे असं वाटतच नाही. आता कटरनं सनबोर्ड कापतात, बोटं कापतात आणि सरांच्या झोळीतली पट्टी संपते. ह्या झोळीत काय नसतं? बॅटऱ्या, फेविक्विक, सुतळी, टाचण्या, पक्कड, कोरे कागद, ओआरएसची पाकिटं, आणि एका डबीत खडीसाखर. परीक्षकांसमोर बोलताना ज्या मुलीचा घसा कोरडा पडतो तिला ती खडीसाखर मिळते.

सकाळ झाली की हॉलभर एकच वाक्य ऐकू येतं: "सर, काल रात्री चालत होतं." मी म्हणेन, आपल्या देशातलं निम्मं तंत्रज्ञान काल रात्री चालत होतं. इतर प्राध्यापक हे वाक्य ऐकून हसतात. सर हसत नाहीत. त्यांचा ह्या वाक्यावर पूर्ण विश्वास आहे. "मग काल रात्रीचा व्हिडिओ आहे ना? लाव." व्हिडिओ काढून ठेवायचा, हा त्यांचा आठवडाभर आधीच दिलेला दम असतो. व्हिडिओत होस्टेलची खोली दिसते, दोरीवरचे टॉवेल दिसतात, पहाटेचे तीन वाजलेले असतात आणि काळ्या पट्टीचा माग काढणारी ती गाडी खरंच वळणं घेत चाललेली असते. चौघं पोरं किंचाळताना ऐकू येतात. परीक्षकांनी गाडी पाहण्यापेक्षा ते किंचाळणं ऐकावं, असं सरांचं मत आहे. मलाही ते पटतं.

सकाळी ती गाडी का चालत नाही, ह्यालाही कारण असतं. तिचे सेन्सर इन्फ्रारेड किरणांवर चालतात आणि खिडकीतून येणाऱ्या उन्हात हे किरण भरपूर असतात. गाडीला सगळीकडे एकसारखंच दिसायला लागतं. रात्री होस्टेलच्या ट्यूबलाइटखाली हा प्रश्न नव्हता. हे सरांना कळल्यापासून ते घरून सोलापुरी चादर आणतात आणि त्या खिडकीवर लावतात. वहिनी ती चादर दर जानेवारीत शोधतात.

ब्लूटूथचा गोंधळ तर मी डोळ्यांनी पाहिलाय. मला त्या वर्षी मानव्यविद्येचा परीक्षक म्हणून सरांनीच ओढून नेलं होतं. मोबाइलवरून चालणाऱ्या गाड्यांचे प्रकल्प बरेच होते, आणि सगळ्यांनी तोच एक स्वस्तातला ब्लूटूथचा तुकडा आणलेला. पुण्यात तपकीर गल्लीत मिळतो, मुंबईत लॅमिंग्टन रोडला. त्याचं नाव कारखान्यातूनच 'एचसी-०५' असतं आणि पासवर्ड १२३४. ना कुणी नाव बदललेलं, ना कुणी पासवर्ड. पहिल्या टेबलावरच्या मुलीनं परीक्षकांना "आता ही पुढे जाईल" असं सांगून बटण दाबलं, तर तिची गाडी जागेवर आणि चार टेबलं पलीकडचा शेतीफवारणीचा रोबो निघाला फिरत, तोही भरल्या टाकीनिशी. त्या मुलानं घाबरून आपल्या मोबाइलवर 'थांब' दाबलं, तर तिसऱ्याच टेबलावरची व्हीलचेअर थांबली. परीक्षक साहेब ओले झाले. सरांनी त्यांना सोलापुरी चादरीचं टोक पुसायला दिलं आणि म्हणाले, "पाहिलंत ना? सायबर सुरक्षा का हवी, ह्याचं ह्याहून चांगलं प्रात्यक्षिक होणार नाही." मग त्यांनी त्या तिन्ही पोरांना एका बाकावर बसवून आपापल्या यंत्राला नावं ठेवायला लावली. एकानं 'सोन्या' ठेवलं. त्या मुलीनं आपल्या आजीचं नाव ठेवलं.

उद्घाटनालाही काही ना काही होतंच. समई लावतात, उदबत्ती लावतात. स्वयंपाकघरातला गॅस गळला तर बोंब मारणारा एक प्रकल्प दरवर्षी असतो, आणि त्याच्या सेन्सरला धूरही कळतो. एकदा पाहुण्यांनी वात पेटवली, उदबत्तीचा धूर पहिल्या रांगेपर्यंत आला आणि शांत हॉलमध्ये कर्कश भोंगा सुरू झाला. पाहुणे दचकले, कुलसचिव दाराकडे पाहू लागले. सरांनी माइक घेतला आणि जाहीर केलं, "प्रकल्प क्रमांक सतरा, यशस्वी!" टाळ्या पडल्या. त्या पोराला तोवर आपला प्रकल्प चालतो की नाही हे माहीत नव्हतं.

प्रमुख पाहुण्यांचा फेरा हा सरांच्या बुद्धीचा खरा कस. पाहुणे तासभर उशिरा येतात आणि आल्या आल्या त्यांना निघायचं असतं. त्यांचे प्रश्न दोनच: "ह्याची कॉस्ट किती?" आणि "पेटंट घेतलं का?" सर त्यांना आधी जे हमखास हलतं, चमकतं किंवा वाजतं तिकडे नेतात. फोटो होतात. अंधार पडला की लागणारे छोटे रस्त्यावरचे दिवे फ्लॅश पडल्याबरोबर क्षणभर विझतात, त्यांना वाटतं उजाडलं. पाहुणे खूश होतात. मग सर त्यांना गोष्टीत गुंतवतात. त्यांची लाडकी गोष्ट 'आर्डुइनो'ची. निम्म्या टेबलांवर तो निळा बोर्ड असतोच. सर सांगतात, हा २००५ च्या सुमारास इटलीतल्या इव्रिया नावाच्या गावात जन्माला आला, तोही विद्यार्थ्यांना स्वस्तात प्रयोग करता यावेत म्हणून. आणि नाव पडलं ते ही मंडळी जिथं जमायची त्या बारवरून, आणि त्या बारचं नाव एका हजार वर्षांपूर्वीच्या राजावरून. प्राचार्य सोबत असले की बारचं उपाहारगृह होतं. संस्थेचे अध्यक्ष असले की सर थेट राजापासून सुरुवात करतात.

ह्या गोष्टीच्या नादात पाहुणे दाराऐवजी हॉलच्या टोकाला, स्वच्छतागृहाजवळ पोहोचलेले असतात. हा योगायोग सर दरवर्षी घडवून आणतात. एकदा तिथे एक मुलगी आपल्या आजीच्या आणि आजीच्या गावातल्या बायकांच्या ओव्या वहीत उतरवून, कुठली ओवी कुठल्या कामाच्या वेळची ते कागदावर मांडून उभी होती. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी महाराष्ट्रात गावोगावी जात्यावरच्या लाखभर ओव्या गोळा करून ठेवल्यात, त्यात आपल्या तालुक्याच्या किती हे तिनं शोधलं होतं, आणि ज्या सापडल्या नाहीत त्या स्वतः जाऊन लिहून घेतल्या होत्या. पाहुण्यांनी विचारलं, "ह्याचं ॲप केलंय का?" मुलीनं खाली पाहिलं. सर पटकन म्हणाले, "साहेब, तुम्हाला आठवते का एखादी, आईच्या तोंडची?" साहेब थांबले. आठवायला लागले. अर्धी आठवली, तीही वाकडी. मुलीनं पुरी केली. साहेबांचा निघायचा वेळ त्यानंतर अर्ध्या तासानं आला आणि मागे खोळंबलेल्या ड्रायव्हरनं सरांकडे जे पाहिलं ते सांगण्यासारखं नाही.

विकतचे प्रकल्प कसे ओळखायचे, हे मी सरांकडूनच शिकलो. तयार प्रकल्प, रिपोर्टसकट, बाजारात मिळतात हे सगळ्यांना माहीत आहे. बाकीचे परीक्षक उलटतपासणी घेतात, पोरं पाठ केलेली उत्तरं फाडफाड देतात. सर काही विचारत नाहीत. हळूच एका तांबड्या वायरीला हात घालतात आणि म्हणतात, "ही काढली तर काय होईल रे?" ज्यानं स्वतः केलंय तो पोरगा "सर, नको!" असं ओरडून सरांचा हात धरतो. ज्यानं विकत आणलंय तो म्हणतो, "काढून बघा ना सर." सर त्याला रागवत नाहीत. वायर काढतात, त्याच्या हातात देतात आणि म्हणतात, "संध्याकाळपर्यंत परत लाव. मी आहे इथंच." बहुतेकांना तीन-चार वाजेपर्यंत लागते. आणि लागली की तो पोरगा येणाऱ्या-जाणाऱ्याला पकडून आपला प्रकल्प समजावत सुटतो, मघाशी नव्हता तसा.

जेवणाची कूपनं हा वेगळा विषय. मसालेभात, पुरी, बटाट्याची भाजी, एक गुलाबजाम. कूपनं नेमकी, माणसं नेहमी जास्त. कुणाचे आई-वडील गावाहून एसटीनं आलेले असतात, पोराचं कौतुक बघायला. वडील हॉलमध्ये पोरापासून जरा लांबच उभे राहतात, जणू दुसऱ्या कुणाचा प्रकल्प बघतायत. आई टेबलाच्या मागे जाऊन खुर्चीवर बसते ती हलत नाही. सर त्यांच्या हातात कूपनं ठेवतात. कुठून काढतात हे आम्ही शोधलं, तेव्हा आधी स्वतःचं, मग शिपाईमामांचं (त्यांना विचारून), आणि शेवटी परीक्षकांचं, म्हणजे माझं, असा क्रम निघाला. मी त्या दिवशी सरांच्या डब्यातली मेथीची भाजी खाल्ली. चांगली होती.

२०२१ मध्ये प्रदर्शन ऑनलाइन झालं, ते सरांच्या आयुष्यातलं सगळ्यांत वाईट. वायर ओढायला जागा नाही. "दिसतंय का? ऐकू येतंय का?" ह्यातच सकाळ गेली. एका पोरानं कॅमेऱ्यासमोर ठिबक सिंचनाचं मॉडेल धरलं, तर चौकटीत एका बाजूनं त्याच्या आईचा टॉर्च धरलेला हात यायचा, थकला की खाली जायचा, पुन्हा वर यायचा. परीक्षक मातीतल्या ओलाव्याचे आकडे लिहीत होते. सरांनी चॅटमध्ये लिहिलं, "आईंना सांगा, हात बदला." आणि कुणाचं नेट गेलं की सवयीनं टाइप करायचे, "आधी प्लग बघ."

घरी वहिनींचा छळ वेगळा. त्यांच्या घरात इस्त्रीला वायर पुरत नाही, कारण लांब बोर्ड कॉलेजात. मिक्सर लावायचा तर फ्रिज काढावा लागतो. "अहो, तुमच्या त्या प्रदर्शनात माझं स्वयंपाकघर ठेवा एकदा, दुर्मीळ म्हणून," असं त्या म्हणतात, आणि सर "कन्सेप्ट चांगला आहे" म्हणून मोकळे होतात. संपलेल्या प्रदर्शनातले अनाथ प्रकल्पही सरांकडेच येतात. जिन्यात पेपर ठेवायला एक बिनचाकाचा रोबो आहे. आमच्या सोसायटीच्या टाकीवर एका विद्यार्थ्यानं केलेला, टाकी भरली की वाजणारा बझर बसवलाय. तो पहाटे वाजतो. पावसाळ्यात तर टाकी रिकामी असली तरी वाजतो. सोसायटीच्या सभेत तो काढून टाकायचा ठराव आला. सर उठले आणि म्हणाले, "हरकत नाही. फक्त तो मुलगा आता सिंगापूरला असतो आणि दर दिवाळीला मेसेज करून विचारतो, 'सर, बझर वाजतो ना?' त्याला काय कळवू ते सभेनं ठरवून द्यावं." सभेनं काही ठरवलं नाही. आज पहाटेही वाजला.

बक्षीस समारंभात सरांचं काम पडद्यामागे. प्रमाणपत्रांवरची नावं ते स्वतः लिहितात, छापायला देत नाहीत. छापणारा 'ऋतुजा'ची 'रुतूजा' करतो आणि पोरं ती चूक आयुष्यभर भिंतीवर टांगतात, हा त्यांचा मुद्दा. पहिला, दुसरा, तिसरा, उत्तेजनार्थ, सगळे होतात, फोटो होतात, राष्ट्रगीत होतं, हॉल रिकामा होतो. मग सर वायरी गुंडाळायला घेतात, कोपर आणि अंगठ्यामध्ये, आठ आठ करत. त्या वेळी ते हळूच एका टेबलापाशी जातात आणि एक पाकीट देतात. आत १०१ रुपये. कुणाला, तर ज्याचं यंत्र दिवसभर एकदाही चाललं नाही, पण ते का चाललं नाही हे जो शेवटपर्यंत नीट सांगू शकला, त्याला. हे बक्षीस कुठल्याही पत्रकात नाही. परीक्षकांनाही विचारत नाहीत. त्याच्यावर सरांची पावती नाही, सही नाही, फक्त एक वाक्य असतं, "पुढच्या वर्षी ये." ती पाकिटं मिळालेली काही पोरं मला भेटलीत. त्यातल्या एकीकडं पैसे अजून तसेच आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर पुन्हा वर्गावर, शेवाळाचं जीवनचक्र शिकवायला. घसा बसलेला, बोटांना चिकटपट्टीचा डिंक. मला जिन्यात भेटले तर म्हणाले, "यंदा फार काही गडबड झाली नाही." त्यांच्या बाहीवर फवारणीचं पाणी वाळून डाग पडला होता.

सर ह्या मे महिन्यात निवृत्त होतायत. पुढच्या प्रदर्शनाचा समन्वयक कोण, असं प्राचार्यांनी स्टाफ मीटिंगमध्ये विचारलं तेव्हा सगळ्यांनी एकाच वेळी चहाचे कप तोंडाला लावले, असं मला आतल्या गोटातून कळलंय. पद अजून रिकामं आहे. तुमच्या ओळखीत कुणी प्राध्यापक असेल, विषय कुठलाही चालेल, तर कृपया कळवा. मानधन नाही. वायर स्वतःची आणावी लागते. जेवणाचं कूपन मिळतं, पण त्यावर फार भरवसा ठेवू नये.